पुस्तक घ्यावे की व्हिडिओ पाहावेत? वास्तुरचनेचे सॉफ्टवेअर शिकण्यासंबंधी एक संवाद

वास्तुरचनेच्या कामात वापरली जाणारी सॉफ्टवेअर एका जातीची नाहीत, आणि ती शिकण्याचे साहित्य निवडताना पहिली गफलत इथेच होते. १९८२ साली आलेले ऑटोकॅड ड्रॉइंग बोर्डावरच्या रेषेची जागा घेते. २००० साली आलेल्या स्केचअपमध्ये चौकोन काढून तो वर ओढला की खोलीचा आकार उभा राहतो. आर्चिकॅड आणि रेव्हिट ही बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) पद्धतीची. त्यांत काढलेली भिंत म्हणजे नुसती दोन रेषांची जोडी नसते. जाडी, थर, उंची, मजला ही सगळी माहिती तिला जोडलेली असते. ऱ्हायनोमधल्या ग्रासहॉपरमध्ये तर आकार हाताने काढायचाच नसतो, तो ज्या नियमाने घडतो तो नियम जुळवत जायचा असतो. यातले काहीही शिकू पाहणाऱ्यापुढे एकीकडे जाडजूड पुस्तके असतात आणि दुसरीकडे व्हिडिओंचा न संपणारा साठा. निवड कशी करावी, यावरचे दोन पक्ष पुढे मांडले आहेत. व्हिडिओची बाजू घेणारा तो पुरस्कर्ता, आणि तिच्याबद्दल मनात शंका असलेला तो साशंक.

साशंक : व्हिडिओवर शिकलेल्याचा हात भराभर चालतो, हे मान्य. शंका आहे ती त्या हाताखाली काय तयार होते याबद्दल. रेव्हिटमधली एक साधी भिंत घ्या. ती काढताना वरच्या पट्टीत उंचीची एक जागा असते. तिथे नुसता आकडा देता येतो किंवा भिंतीचा माथा वरच्या मजल्याच्या लेव्हलला बांधता येतो. स्क्रीनवर दोन्ही भिंती तंतोतंत सारख्या दिसतात. व्हिडिओतला शिक्षक बोलता बोलता तिथे काहीतरी निवडतो आणि पुढे जातो, पाहणाराही तेच करतो. महिन्याभराने मालक म्हणतो की तीन मीटरची उंची कमी वाटते, दीडशे मिलिमीटर वाढवा. लेव्हल वर सरकवली की तिला बांधलेल्या भिंती आपोआप वाढतात आणि स्लॅबही वर जातो. नुसत्या आकड्यावर उभ्या असलेल्या भिंती मात्र जागच्या जागी राहतात, आणि सेक्शन काढला की भिंत व स्लॅब यांच्यामध्ये दीडशे मिलिमीटरची फट दिसते. तिथे कोणते बटण दाबायचे हे व्हिडिओने शिकवलेले असते. ते बटण कसला निर्णय आहे, हे चांगले पुस्तक आधी सांगते आणि मग बटण दाखवते.

पुरस्कर्ता : चांगले पुस्तक सांगते हे खरे, पण शिकणारा ते पान वाचतो का? या प्रश्नाचा अभ्यास व्हिडिओंचा जमाना येण्यापूर्वीच झालेला आहे. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल यांनी १९८० च्या दशकात लोक नवे सॉफ्टवेअर पुस्तिकेवरून कसे शिकतात ते जवळून पाहिले. लोक प्रस्तावना वाचत नाहीत, पाने ओलांडतात, आपल्या मनातले काम लगेच करायला घेतात आणि मध्येच अडकतात. कॅरल यांनी मग पुस्तिकाच छाटली. पहिल्या पानापासून खरे काम, कमीत कमी विवेचन, आणि चुकल्यावर परत कसे यायचे याला भरपूर जागा. अशा छोट्या पुस्तिकेवर लोक लवकर शिकले. हे सगळे त्यांच्या १९९० च्या पुस्तकात आले आहे. आज ऑटोकॅड किंवा रेव्हिटवर हजार पानांच्या घरातले जे ठोकळे मिळतात, त्यांनी या अनुभवापासून फारसे काही घेतलेले दिसत नाही. आणि काही गोष्टी छापील पानावर उतरतच नाहीत. भातखंड्यांची स्वरलिपी समोर असली तरी मींड गळ्यावर चढते ती ऐकूनच. स्केचअपमध्ये रेषा काढणेही तसेच आहे. कर्सर कोणत्या टोकाजवळ नेला की लाल, हिरवी किंवा निळी दिशा पकडली जाते, ती बाणाच्या कळीने धरून ठेवून समोरच्या खिडकीची उंची कशी उचलायची, हे सांगायला पुस्तकाला तीन आकृत्या लागतात आणि तरीही वाचणाऱ्याचा हात अडखळतो. पाहणाऱ्याला ते काही सेकंदांत कळते.

साशंक : पण स्वरलिपी नसती तर कितीतरी बंदिशी घराण्यांतच राहून गेल्या असत्या, हीसुद्धा त्याच उदाहरणाची दुसरी बाजू आहे. पाहून झटकन कळते, इथवर तुमचे बरोबर आहे. कळलेले टिकते का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचेही मोजमाप झालेले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुझन पामिटर आणि जे एल्कर्टन यांनी हायपरकार्ड हे सॉफ्टवेअर काहींना स्क्रीनवर चालते प्रात्यक्षिक दाखवून शिकवले आणि काहींना लेखी सूचना देऊन. शिकताना प्रात्यक्षिकवाले पुढे होते, वेगातही आणि अचूकतेतही. आठवड्याने पुन्हा काम दिले तेव्हा पारडे फिरले आणि लेखी सूचनांवर शिकलेले पुढे गेले. कारण उघड आहे. समोर हलणाऱ्या कर्सरची नक्कल करायला डोके चालवावे लागत नाही. लेखी वाक्याचे कृतीत रूपांतर मात्र स्वतःलाच करावे लागते, आणि त्या खटाटोपात गोष्ट मनात रुजते.

पुरस्कर्ता : त्या प्रयोगाने नकलेतला धोका दाखवला. व्हिडिओ नकलेसाठीच वापरावा असे कुठे आहे? आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प पाहा. मुक्त सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा मिनिटांचे धडे, अनेक भारतीय भाषांत, मराठीतही. त्यांची पद्धत अशी की स्क्रीनच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडे ठेवायचे, थोडे ऐकायचे, थांबवायचे, स्वतः करायचे, मग पुढे जायचे. लांबीबद्दलही माहिती हाताशी आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या व्हिडिओंचा फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली आला. सहा मिनिटांच्या आतल्या व्हिडिओंकडे लक्ष टिकते, त्याहून लांबलेले व्हिडिओ लोक अर्ध्यात सोडतात, असे त्यात दिसले. म्हणून तीन तासांत संपूर्ण रेव्हिट शिकवण्याचे वचन देणारा व्हिडिओ बाजूला ठेवावा, आणि त्याऐवजी जिथे सरावाची फाइल सोबत दिलेली आहे, प्रत्येक तुकड्याला एकच काम आहे, अशी मालिका शोधावी. आणखी एक खूण मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षकाची स्वतःची काहीतरी गडबड झाली आणि ती त्याने कापून न टाकता सगळ्यांसमोर दुरुस्त केली, तर तो व्हिडिओ सोन्यासारखा. पुस्तकात ड्रॉइंग नेहमी बरोबरच निघते. प्रत्यक्षात ट्रिमची कमांड भलतीच रेष खाते, आणि तिथून सावरणे हे अर्धे शिक्षण आहे.

साशंक : ही खूण मलाही पटते. मात्र व्हिडिओ आणखी एका अंगाने लवकर निकामी होतो. २००९ च्या आवृत्तीत ऑटोकॅडमध्ये रिबन आली आणि जुने मेनू पाठीमागे गेले. २०१९ साली ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरची २.८ ही आवृत्ती आली, आणि वस्तू निवडण्यासाठी आधी उजवे बटण दाबायचे ते डावे झाले. त्याआधीचे धडे नवशिक्याच्या हाती पहिल्या मिनिटालाच फसतात, कारण त्यांत दाखवण्यासारखे जे असते ते मेनू आणि बटणेच असतात. पुस्तकातलेही मेनू शिळे होतात, पण पुस्तकात मेनूखेरीज बरेच काही असते. ऑटोकॅडमधल्या मॉडेल स्पेस आणि पेपर स्पेस यांतला फरक, बाहेरची फाइल एक्सरेफ म्हणून जोडायची की ब्लॉक म्हणून आत घ्यायची, ही पंचाईत १९९० पासून तशीच आहे. त्या प्रकरणासाठी पंधरा वर्षांपूर्वीचे पुस्तकही चालते. शिवाय पुस्तकाला सूची असते. निवड करताना सूची हीच पहिली परीक्षा मानावी. मनात तीन अडचणी ठरवाव्यात, उदाहरणार्थ प्लॉट करताना रेषांची जाडी बदलणे, तुटक रेष प्रिंटमध्ये सलग दिसणे आणि व्ह्यूपोर्टचे स्केल, आणि त्या सूचीत सापडतात का ते पाहावे. चाळीस व्हिडिओंच्या मालिकेत तुटक रेषेचा उल्लेख कुठल्या मिनिटाला आहे, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

पुरस्कर्ता : आवृत्तीची बाब पुस्तकालाही तितकीच जाचते, किंबहुना जास्त, कारण लिहून छापून बाजारात येईपर्यंत पुढची आवृत्ती दारात उभी असते. रेव्हिटची तर दरवर्षी नवी. नव्या रेव्हिटमध्ये साठवलेली फाइल जुन्यात उघडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन वर्षांमागची आवृत्ती असेल आणि पुस्तकासोबतच्या सरावाच्या फाइली नव्या असतील, तर पुस्तक कितीही चांगले असले तरी सरावच थांबतो. म्हणून विकत घेण्याआधी मुखपृष्ठावरचे वर्ष आणि आपल्या मशीनवरचे वर्ष ताडून पाहणे, एवढे साधे काम आधी करावे. सूचीच्या बाबतीत मात्र तुमचे म्हणणे खोडता येत नाही.

साशंक : याहून मोठी अडचण पुस्तक आणि व्हिडिओ दोघांनाही आहे. चांगले म्हणून जे साहित्य नावाजलेले आहे, ते बहुतेक अमेरिकी घर डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. लाकडी चौकटीची, वर जिप्समचे तक्ते ठोकलेली भिंत आणि फूट-इंचांतली मापे. ऑटोकॅड उघडताना इंचांच्या टेम्प्लेटमध्ये सुरुवात केली आणि व्हिडिओतल्याप्रमाणे ३६ एकक रुंदीचा दरवाजा ब्लॉक करून ठेवला, तर त्या वेळी काही बिघडत नाही. पुढे तोच ब्लॉक मिलिमीटरमध्ये काढलेल्या प्लॅनमध्ये आणला आणि एककांची नोंद केलेली नसली, की तो ३६ मिलिमीटरचा होतो. ९०० च्या मोकळ्या जागेत तो ठिपक्याएवढा पडलेला असतो, आणि शिकणारा तो शोधत बसतो किंवा पुन्हा आणत राहतो. हे निदान ध्यानात तरी येते. भिंतीचे ध्यानातही येत नाही. आपल्याकडे आरसीसी सांगाडा, बाहेरची भिंत २३० मिलिमीटर विटांची, तिच्यावर आतबाहेर गिलावा, खाली प्लिंथ, खिडकीवर छज्जा. अमेरिकी टेम्प्लेटमधली थरांची भिंत घेऊन शिकलेल्या विद्यार्थ्याला कॉलमच्या तोंडाशी विटांची भिंत कशी टेकवायची याची कल्पना नसते. त्यापुढे सबमिशन ड्रॉइंग येते. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे हिशेब दाखवावे लागतात, आणि ऑटोडीसीआरसारखी ड्रॉइंग तपासणारी प्रणाली असेल तर लेयरची नावेही ठरवून दिलेलीच लागतात. परदेशी पुस्तकात लेयरला हवे ते नाव द्या असे सांगितलेले असते, आणि पुस्तकापुरते ते बरोबरच असते.

पुरस्कर्ता : या ठिकाणी व्हिडिओची बाजू सर्वांत भक्कम आहे. गुंठेवारीतल्या प्लॉटवर सामासिक अंतरे सोडून घर कसे बसवायचे, क्षेत्रफळाचा तक्ता ड्रॉइंगच्या उजव्या बाजूला कसा मांडायचा, मंजुरीच्या ड्रॉइंगमध्ये कोणता रंग कशासाठी, यावर जाड पुस्तक काढायला कोणता प्रकाशक धजावेल? वाचणारे थोडे, नियम बदलते. पण एखाद्या तालुक्याच्या गावी काम करणारा ड्राफ्ट्समन स्वतःच्या मशीनवर हे करून दाखवतो, हिंदीत किंवा मराठीत बोलतो, आणि ड्राफ्ट्समन सिव्हिलचा ट्रेड करणारा आयटीआयचा मुलगा ते फोनवर पाहतो. त्या मुलाला इंग्रजी पुस्तकाची किंमत परवडत नाही आणि त्यातली वाक्येही झेपत नाहीत. त्याच्यापुरता पुस्तक की व्हिडिओ हा प्रश्नच उरत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचते, त्यालाच शिक्षण म्हणायचे.

साशंक : पोचते याचे मोल मी कमी करत नाही. पण काय पोचते? अशा व्हिडिओंत बहुधा एक तयार सबमिशन ड्रॉइंग उघडलेले असते आणि त्यावरून दुसरे काढले जाते. तक्ता जुन्या फाइलमधून उचललेला, ब्लॉकही उचललेले. सामासिक अंतर रस्त्याच्या रुंदीवर आणि इमारतीच्या उंचीवर ठरते, हे सांगायचे राहून जाते, आणि दाखवलेला आकडाच नियम म्हणून डोक्यात बसतो. नामांकित प्रकाशकाच्या पुस्तकावर संपादकाची आणि विषय जाणणाऱ्या तपासनिसाची नजर फिरलेली असते. व्हिडिओ वर येतो तो लोक किती वेळ पाहत राहिले यावर, आकडा बरोबर आहे की नाही हे कोणी तपासलेले नसते. आयटीआयच्या मुलाला तर चुकीचा आकडा सर्वांत महाग पडतो, कारण त्याचे ड्रॉइंग पुन्हा तपासणारे वर कोणी नसते.

पुरस्कर्ता : मग वाद नीट वेगळा करून मांडू. शिकायच्या गोष्टी तीन आहेत, आणि आपण त्या एकत्र करून बोलतो आहोत. एक हाताची सवय, दुसरी त्या सॉफ्टवेअरमागची कल्पना, तिसरी इमारतीचे ज्ञान. तुम्ही सांगितलेली सामासिक अंतराची चूक तिसऱ्या प्रकारची आहे. ती दुरुस्त करायला ऑटोकॅडवरचे उत्तम पुस्तकही कामाचे नाही, नियमावली उघडावी लागेल. तसेच रेव्हिटमध्ये भिंतीचे थर भरताना ज्याला अडते, त्याला बहुतेक वेळा रेव्हिट अडलेले नसते, भिंत अडलेली असते. त्याने फ्रान्सिस चिंग यांचे बांधकामाची चित्रमय ओळख करून देणारे १९७५ सालचे पुस्तक घ्यावे. त्याच्या नव्या आवृत्त्याही मिळतात. तिथे सॉफ्टवेअरचे धडे नाहीत, आणि तरी रेव्हिट शिकणाऱ्याला त्याच्याइतका उपयोग फार थोड्या पुस्तकांचा होतो. मात्र तिथली लाकडी भिंत सोडून विटांच्या बांधकामाचे आणि काँक्रीटचे भाग पाहावेत. ड्रॉइंगच्या रीतींसाठी आयएस ९६२ हे भारतीय मानक आहे. या तिन्ही गोष्टींचे प्रमाण सॉफ्टवेअरगणिक बदलते. स्केचअपमध्ये हात जास्त लागतो, म्हणून व्हिडिओ. रेव्हिट, आर्चिकॅडमध्ये कल्पना जास्त, म्हणून पुस्तक आधी, हे मी कबूल करतो. ऑटोकॅडमध्ये कमांड थोड्या आणि रीती फार.

साशंक : ही विभागणी स्वीकारूनही क्रमाचा प्रश्न सुटत नाही. कॅरल यांचाच दाखला पुन्हा घेतो. मेरी बेथ रॉसन यांच्यासोबत १९८७ साली त्यांनी असेही मांडले की काम चालू ठेवण्याची ओढ इतकी असते की माणूस एकदा जमलेली रीत सोडत नाही, अधिक चांगली रीत शिकून पुढे वेळ वाचणार असला तरीही. म्हणून पहिले साहित्य सर्वांत निर्णायक. तुम्ही स्केचअप हाताचे म्हटले. त्यात जमिनीवर टेबल काढले आणि त्याचा ग्रुप केला नाही, तर टेबलाचे पाय जमिनीच्या पृष्ठभागाला चिकटतात. टेबल सरकवले की जमीनही त्याच्यामागे ओढली जाते. पहिल्या दहा व्हिडिओंत ग्रुपचा विषय आला नाही, तर शिकणारा ग्रुप न करता काम भागवायच्या युक्त्या शोधून काढतो, आणि पुढे त्याच युक्त्यांवर आख्ख्या सोसायटीचे मॉडेल उभे करतो. म्हणून कल्पना आधी, अगदी स्केचअपमध्येसुद्धा.

पुरस्कर्ता : जमीन ओढली जाण्याआधी ग्रुपवरचे प्रकरण वाचून कोणाला काय कळणार? ते वाचून विसरले जाते. आधी जमीन ओढली जाऊ द्यावी, मग लगेच ग्रुप दाखवावा. चांगला शिक्षक नेमके हेच करतो, आणि ते व्हिडिओत जितके ठसते तितके छापील पानावर ठसत नाही.

साशंक : लगेच, हा तुमच्या म्हणण्यातला कळीचा भाग आहे. अपघात आणि खुलासा यांत दहा व्हिडिओंचे अंतर पडले की युक्त्या घट्ट बसतात. तेव्हा साहित्य पारखण्याची एक कसोटी दोघांनाही चालण्यासारखी आहे. घर पुरे झाल्यावर त्या पुस्तकात किंवा मालिकेत ते बदलायला लावले आहे का? मजल्याची उंची वाढवणे, दरवाजा ७५० चा ९०० करणे, जिना उलट फिरवणे. खऱ्या ऑफिसात पहिल्यांदा काढण्यापेक्षा बदलण्यातच जास्त वेळ जातो. जे साहित्य सुंदर चित्र दाखवून थांबते, ते कच्चे. अनुक्रमणिकेच्या शेवटच्या प्रकरणांवरून आणि मालिकेतल्या शेवटच्या चार व्हिडिओंवरून हे बऱ्यापैकी ओळखता येते.

पुरस्कर्ता : कसोटी मान्य. पण ती लावणार कोण? जिना फिरवणे अवघड असते आणि तिथे परीक्षा असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला निवडीत मदत नको असते. ज्याला ठाऊक नाही, तो शीर्षक आणि शेवटचे झगमगीत रेंडर पाहूनच निवडणार. आर्किटेक्चर कॉलेजांनी आपल्या ग्रंथालयात पुस्तके आणि मालिका यांची एक चालती यादी ठेवावी. प्रत्येकीसमोर आवृत्ती, सरावाच्या फाइली आहेत का, आणि त्यात कोणता बदल करायला लावला आहे, एवढीच नोंद.

साशंक : दरवर्षी ती यादी नव्याने तपासायला हवी, आणि तपासणाऱ्याने ते साहित्य स्वतः शेवटपर्यंत केलेले हवे. शिकवणाऱ्यांपैकी अनेकांचे रोजचे सॉफ्टवेअर जुने झालेले असते, आणि इमारतीची जाण मात्र त्यांच्याकडेच असते. विद्यार्थ्यांचे उलट. नवी आवृत्ती त्यांना पाठ, पण त्यांनी अजून एकही भिंत साइटवर उभी राहताना पाहिलेली नसते. यादी कोणी करावी?

पुरस्कर्ता : इंटर्नशिप करून परत आलेल्यांनी. त्यांनी बदल करून पाहिलेले असतात आणि त्यांचे हातही ताजे असतात.

साशंक : तेही एकाच ऑफिसच्या रीतीत तयार झालेले असतात. एका ऑफिसात सगळे ऑटोकॅडवर, दुसऱ्यात स्केचअपवरून थेट साइटवर. त्यांची यादी त्यांच्या ऑफिससारखी होईल. दोन वेगळ्या ऑफिसांतून आलेल्यांनी एकच पुस्तक तपासले आणि त्यांचे मत जुळले नाही, तर नवशिक्याने कोणाचे ऐकावे, याचे उत्तर माझ्याकडे तरी तयार नाही.